सूर्याच्या मापाची सायकल

दशरथ सावेला सायकलवर चढायला ओटा लागत असे. सायकल ओट्याला टेकवायची, डाव्या हाताने खांब धरायचा, उजवी टांग पलीकडे टाकायची आणि खांब सोडून द्यायचा. वाटेत उतरायची वेळ आली तर पुन्हा चढायला मैलाचा दगड किंवा मोरीचा कठडा शोधावा लागे. डहाणू ते तलासरी या सोळा मैलांत असे अकरा दगड-कठडे होते आणि ते अकराही त्याला पाठ झाले होते.

सायकल त्याच्या मुलाची. दशरथ पाच फूट दोन इंच, वय सत्तेचाळीस. सूर्यकांत पावणेसहा फुटांचा होता. एकसष्ट सालच्या श्रावणात तेविसाव्या दिवशीही मुदतीचा ताप उतरला नाही आणि सूर्या गेला तेव्हा त्याला एकोणिसावं संपत आलं होतं. तेव्हापासून सायकल मागच्या पडवीत उभी होती. यमुना, दशरथची बायको, ती आठवड्यातून एकदा पुसायची. वापरत कोणी नव्हतं.

बासष्टच्या अखेरीस हुकूम आला, की डहाणू तालुक्यात आणि तलासरीत एकही माणूस देवीच्या लसीवाचून राहता कामा नये. दशरथ बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात देवी टोचण्याचं काम करत होता. आजवर त्याच्याकडे आगर, धाकटी डहाणू अशी चालत जायची गावं होती. आता तलासरीकडचे पाडे आले. तिकडे जाणारी एस.टी. दुपारी दोनला सुटे, तोवर लसीसाठी सकाळी घेतलेल्या बर्फाचं पाणी होऊन जाई. सरकारी सायकल मिळणार होती, पण केव्हा ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून त्याने पडवीतली सायकल बाहेर काढली.

सीट खाली घ्यायला काही लागत नाही. एक नट ढिला करायचा, दांडी आत ढकलायची, नट आवळायचा. दशरथने ते केलं नाही. सूर्या गेल्यावर त्याचे कपडे देऊन टाकले होते, पुस्तकं मागेल त्याला दिली होती. हाताने मोजता येईल असं त्याचं घरात एवढंच उरलं होतं: खालच्या पायडलपासून सीटपर्यंतचं अंतर, म्हणजे त्याच्या पायाची लांबी. यमुनेलाही ते कळत असणार, असं दशरथ धरून चालला होता. दोघं त्यावर कधी बोलली नव्हती.

तेव्हा तो उंच सीटवर बसून जाई. पायडल खाली गेलं की त्याच्या अंगठ्याचं टोक कसंबसं टेके. मग त्या बाजूचा कुल्ला खाली घसरे, दुसरं पायडल खाली गेलं की दुसरा. दोन मैलांत मांड्या सोलवटत, आठ मैलांत गुडघ्याच्या मागची शीर ओढू लागे.

डहाणू रोड स्टेशनसमोर जिव्याचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबूंवर झावळ्या. जिव्या आगरचा, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ. दशरथ दिसला की तो हातातलं काम थांबवी.

"ओ सावेभाऊ! सायकल हाय का शिडी?"

"तुझं काम कर, जिव्या."

"सायकलवर बसलेली मानसं लय पायली. काठीवर बोंबील घालतात तसा वाळत घातलेला तुमीच पयले!"

स्टेशनवरचे हमाल हसत. दशरथला थांबता येत नसे. थांबलं तर चढायला जवळपास दगड नव्हता.

*

लस काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. तिला थंडावा लागे. ऊन लागलं की ती मरे. दिसायला तशीच पाणीदार दिसे, पण मेलेली. मेलेली लस टोचली तर हातावर ओरखडा पडतो, खपली धरते, गळून जाते. जिवंत लस टोचली तर चार-पाच दिवसांनी फोड येतो, आठव्या दिवशी तो टपोरा पिकतो, मूल तापाने फणफणतं, आणि दंडावर जन्माचा वण राहतो. याला 'उठणं' म्हणत. टोचणाऱ्याने आठव्या दिवशी परत जाऊन कोणाला उठलं, कोणाला नाही, ते बघायचं आणि वहीत लिहायचं.

मुंबईला जाणाऱ्या मासळीच्या पेट्यांसाठी स्टेशनवर बर्फ येई. दशरथ त्यातला एक तुकडा मागून घेई, पत्र्याच्या डब्यात लाकडाच्या भुशात ठेवी, मधोमध नळ्या. डबा कॅरियरला बांधलेला. दवाखान्याचं कुलूप सातला उघडे. सव्वासातला तो निघे. त्याच्या हिशेबाने बर्फ तीन तास टिकत असे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो प्रथम आंबेपाड्याला गेला. पाडा तलासरीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत मैलभर. वाटेतल्या कैनाडच्या पुढच्या चढावर त्याला दोनदा उतरावं लागलं आणि दोन्ही वेळा दगड मिळेपर्यंत सायकल ढकलत न्यावी लागली. पाड्यावर पोचला तेव्हा अकरा वाजायला दहा मिनिटं होती. डबा हलवला तर आत पाणी डुचमळलं. भुसा हाताला कोमट लागला.

आंब्याखाली माणसं सकाळपासून बसली होती. पाड्याचा पुढारी तुक्या म्हणाला, "कामाला नाय गेलो आज कोनी. मास्तर येनार म्हनून."

दशरथने एक नळी उन्हात धरून बघितली. नळीत बघून काही कळत नसतं, हे त्याला बावीस वर्षं माहीत होतं. माणसांना परत पाठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्याने स्पिरिटचा बोळा काढला आणि टोचायला सुरुवात केली. बावन्न माणसं झाली. त्यांत भिकी आणि शुक्रा यांची चार वर्षांची कमळी होती. तिने टोचताना इतका गळा काढला की झाडावरचे कावळे उडाले. धाकटी तुळशी तीन महिन्यांची, झोळीत झोपलेली. तिला पुढच्या फेरीला ठेवली.

आठव्या दिवशी तो परत गेला. बावन्नातल्या एकोणिसांना उठलं होतं. ती पोरं तापलेली, किरकिरी, हात अंगापासून लांब धरून बसलेली. कमळी मात्र आंब्याच्या फांदीला लोंबकळत होती. भिकीने तिला ओढत आणली आणि दंड उघडा करून दाखवला. ओरखड्याची खपलीही गळून गेली होती.

"हिला नाय उठलं," भिकी म्हणाली. तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. "बग ना मास्तर, एक फोडी नाय. देवीनं हिला सोडली."

शेजारची लाडकी म्हणाली, "भिकीची पोर देवीला पन नको. कोन ऐकील तिचं वरडणं?"

बाया खदखदून हसल्या. कमळीही हसली.

इथे दशरथने बोलायला हवं होतं. न उठणं चांगलं नाही बाई, न उठणं म्हणजे टोचलंच नाही, असं एक वाक्य. पण ते एक वाक्य भिकीला सांगितलं असतं तर बाकीच्या बत्तिसांनाही सांगावं लागलं असतं, आणि मग कोणी तरी विचारलं असतं, का नाही उठलं? त्याचा उजवा गुडघा सुपारीसारखा टणक झाला होता आणि परतीचे सोळा मैल डोळ्यांपुढे होते.

"पुढच्या फेरीला परत टोचू," तो म्हणाला.

"परत कशाला? सोडली ना तिला?"

"नियम आहे."

वहीत कमळीच्या नावापुढे त्याने 'नाही' असं लिहिलं.

*

दवाखान्याच्या डॉक्टरांनी वही बघितली. माणूस तरुण होता, नवा होता, आणि ओरडत नसे.

"कैनाडला शंभरात नव्वद. आंबेपाड्याला बावन्नात एकोणीस. हात तोच, लस तीच. मग?"

"रस्ता लांब पडतो साहेब. आणि सायकल मला मोठी आहे."

"नव्या सायकलीचा अर्ज केलात ना?"

"केलाय."

"मी ठाण्याच्या जिल्हा कचेरीला आठवण करून देतो. आली की प्रश्न मिटेल."

दशरथला बरं वाटलं. कागदावर सगळं नव्या सायकलीवाचून अडलं होतं. त्या संध्याकाळी तो चेनला तेल घालायला म्हणून जिव्याकडे थांबला आणि त्यालाही तेच सांगितलं.

"नवी कशाला?" जिव्या म्हणाला. "नवी आली तरी तिच्यावर असेच टांगून बसाल. ही सायकल सोन्यासारखी हाय. तुमी वाकडे बसता म्हनून ती वाकडी चालते. चा येतोय तवर खाली घेतो सीट."

त्याने पाना नटाला लावलाही. दशरथने त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नको."

जिव्याने वर बघितलं. पाना काढून घेतला, फडक्याला पुसला. मग फटकळपणा बाजूला ठेवून म्हणाला, "म्हाईत हाय मला. मीच बसवली ती. पोरगा तीन दिस येत होता. बोटभर वर, बोटभर खाली. शेवटी म्हनाला, जिव्याकाका, आता पाय हाय का नाय तेच कळत नाय. त्या साली पंधरा आगस्टच्या शर्यतीत पयला आला."

"तेव्हा राहू दे."

"राहू दे. पन भाऊ, ते माप त्याच्या पायाचं हाय. त्याच्यावर तुमी बसून त्याला काय मिळतं?"

दशरथने हँडल धरून सायकल बाहेर काढली. चढायला दगड नव्हता. तो ती ढकलतच घरी घेऊन गेला.

*

मार्चच्या पहिल्या शनिवारी एस.टी.च्या ड्रायव्हरने तलासरीच्या शाळामास्तरांची चिठ्ठी आणून दिली. आंबेपाड्यावर देवी आली आहे. दोघे आजारी, एक मुलगी गेली. दवाखान्यातली लस संपली होती. डॉक्टरांनी मुंबईला तार केली. नवी लस बुधवारच्या गाडीला येणार होती, आणि जीप जव्हारकडे गेलेली.

"गुरुवारी तुम्हीच निघा," डॉक्टर म्हणाले. "उद्या नुसतं जाऊन बघून या. कोण कोण आजारी, कोणाच्या घरात किती."

रविवारी तो पाड्यावर पोचला तेव्हा आंब्याखाली कोणी नव्हतं. तुक्या लांब उभा राहून बोलला. गेली ती भिकीची कमळी.

भिकी दाराशी बसली होती. दारावर कडुनिंबाचा डहाळा खोचलेला. शुक्रा आत भिंतीकडे तोंड करून निजला होता. तुळशीला पहिल्या दिवसापासून लाडकीने आपल्याकडे नेलं होतं, म्हणून ती वाचली होती. दशरथ पाच हातांवर उभा राहिला. भिकीनेच विचारलं.

"मास्तर, तिला तर सोडली होती ना?"

ती भांडत नव्हती. इतक्या वर्षांचा देवीचा माणूस, त्याला यातलं ठाऊक असणार, म्हणून विचारत होती.

"एक फोडी नव्हती. तू बगितलंस ना? मग परत का आली?"

दशरथने वही काढली.

"माझंच कायतरी चुकलं आसंल," भिकी म्हणाली. "मी हसली. लय हसली मी तवा."

त्याने आजाऱ्यांची नावं लिहून घेतली. कमळीच्या नावापुढे वहीत काय लिहायचं ते त्याला कळेना. ती ओळ तशीच सोडून तो निघाला. त्या दिवशी परतताना तो बहुतेक वाट सायकल हातात धरून चालला.

*

घरी आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. यमुनेने पाणी आणलं. ते न पिताच तो ओट्यावर बसला.

"एक मूल गेलं," तो म्हणाला. "मी टोचलेलं."

बावीस वर्षं टोचणाऱ्याशी संसार केलेली बाई. तिने विचारलं, "उठलं नव्हतं?"

"नाही."

"का?"

"बर्फ राहिला नाही."

"बर्फ का राहिला नाही?"

दशरथ सायकलकडे बघत राहिला. यमुनेनेही तिकडे बघितलं. मग ती आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाना होता, सूर्याचा.

"मला वाटलं, तुला..." दशरथ म्हणाला.

"तुम्हाला वाटलं मी रडेन. मी रोज रडते हो. मला त्यासाठी सीट लागत नाही."

त्याने पाना लावला. दीड वर्षाच्या खाऱ्या हवेने नट गंजून बसला होता. त्याने जोर केला, नट हलला नाही. यमुनेने कंदिलातलं रॉकेल वाटीत आणलं, बोटाने नटावर सोडलं. दोघं थोडा वेळ थांबली. मग दोघांनी मिळून पाना धरला. नट तेव्हाही हलला नाही. यमुनेने पदराने हात पुसले.

"उद्या जिव्याकडे न्या," ती म्हणाली, आणि आत जाऊन चुलीला लागली.

*

जिव्याने हातोडीच्या दोन ठोक्यांत नट सोडवला. या खेपेला त्याने चेष्टा केली नाही. दांडी आत सरकू लागली तसं त्याने विचारलं, "खूण करून ठेवू? रंगाची रेघ मारतो, हितवर होती म्हनून."

"नको."

दांडी चार बोटं आत गेली.

"आता बसा. खांब धरा. टाच ठेवा पायडलवर. टाच म्हनतो मी, चवडा नाय. पायडल पार खाली न्या. गुडगा सरळ झाला? कुल्ला हलला नाय ना? बास. आता टाच काढा, चवडा ठेवा. गुडगा जरासा वाकला बगा. हे तुमचं माप."

"पाय जमिनीला लागत नाहीत नीट."

"सगळे हेच बगतात! सायकल घेतली की पयलं काय, तर पाय भुईला टेकतात का. भुईवर चालायचं हाय का तुमाला? मग सायकल कशाला घेतली? पाय पायडलला पुरला पायजे. थांबायच्या वेळी एका अंगाला कलायचं, झालं."

मग त्याने सीट अर्धा इंच पुढे घेतली आणि हँडल दोन बोटं वर. चेनचा सैलपणा काढला. एकही नवी वस्तू लावली नाही.

सोमवारी संध्याकाळी, मग मंगळवारी आणि बुधवारी पहाट फुटताच, असे तीन दिवस दशरथ आगरपर्यंत जाऊन परत यायचा आणि जिव्या स्वतःच्या सायकलवरून मागून ओरडत राहायचा.

"पाय मारू नका! काय साप मारताय का? फिरवा. खालून मागं, मागून वर. जात्यासारखा."

"कोपरं सोडा. ताठ धरली की रस्त्याचा धक्का सरळ मानेत. कोपरातच जिरवा तो."

"आता वारा समोर हाय, छाती नका दाखवू त्याला. वाका."

"सुरवातीला जोर दाखवू नका. कैनाडपर्यंत म्हाताऱ्यागत जा. चढ आला की उभं राहायचं नाय. हळू, पन पाय थांबला नाय पायजे. नायच झालं तर उतरा आनि चाला, त्यात लाज नाय. झटापटीत दम जातो, चालण्यात नाय जात."

तिसऱ्या दिवशी खाडीच्या बाजूने परत येताना जिव्याचं ओरडणं थांबलं. दशरथच्या ते लक्षात आलं तेव्हा तो मैलभर पुढे आला होता. चेन एका सुरात चालली होती. मांडी दुखत नव्हती, गुडघा आहे का नाही ते कळत नव्हतं. त्या सबंध मैलात त्याला सूर्याची आठवण झाली नव्हती. उंच सीटवर ती दर फेऱ्याला होत असे, कुल्ला घसरला की होत असे. आता सायकल त्याला काही आठवून देत नव्हती. तो एका अंगाला कलून थांबला. पाय टेकला. हँडलवर डोकं ठेवून उभा राहिला. जिव्या मागून आला, घंटी न वाजवता बाजूने निघून गेला.

गुरुवारी तो सात वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यातून निघाला. कैनाडपर्यंत हळू गेला. चढाचा पहिला टप्पा बसून चढला, दुसरा उतरून चालला, माथ्यावर दगड न शोधता चालत्या सायकलवर टांग टाकली. अकरातला एकही दगड त्याला लागला नाही. आंबेपाड्याला पोचला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. डबा खाली ठेवताना आत बर्फ वाजला. दोन तास आणि पाच मिनिटं. त्या हिशेबाने महिन्याभरापूर्वी याच झाडाखाली तो दीड तास उशिरा आला होता.

आजारी माणसं सोडून बाकी सगळ्यांना त्याने टोचलं, आधी टोचलेल्यांनाही. एकसष्ट माणसं. बाया गप्प होत्या. भिकी शेवटी आली, तुळशीला घेऊन, आणि तिने तोंड दुसरीकडे केलं.

*

आठव्या दिवशी होळी होऊन गेली होती. तो नऊ वाजता पोचला आणि हात बघू लागला. उठलं. उठलं. उठलं. टपोरे, मोत्यासारखे फोड, भोवती लालसर कडं. चाळीस हात झाले, त्यात दोनच कोरे. दशरथ भराभर लिहीत होता.

भिकी रांगेत नव्हती. तुक्याने बोलावणं धाडलं तेव्हा ती आली ती जवळजवळ धावतच. तुळशीला तिने पदरात गच्च गुंडाळली होती. पोर तापाने लाल झाली होती. भिकीचे डोळे सुजलेले.

"हिला उठलं, मास्तर." तिचा आवाज फुटत होता. "काल रातीपासना अंग तापलंय. हिला पन नेनार ती. कमळीला नेली आनि आता हिला धरलीय. मी काय देऊ तिला? कोंबडं देऊ? तू सांग, तू तिचा मानूस हायस."

तिने पदर बाजूला केला. कोवळ्या दंडावर फोड उठला होता, अगदी जसा उठायला हवा तसा.

दशरथने वही मिटली. "हे चांगलं आहे," तो म्हणाला. "घाबरू नको. ताप दोन दिवसांत उतरेल. असं उठलं म्हणजे आता हिला देवी येणार नाही."

"उठलं म्हनजे चांगलं?"

"हो."

"न उठलं तर?"

रांगेतली माणसं ऐकत होती. लाडकी होती, तुक्या होता. दशरथला वाटलं, अजूनही 'नियम आहे' असं काहीतरी म्हणता येईल. भिकी त्याच्याकडे बघत होती आणि पोरीला हलवायची थांबली होती.

"न उठलं तर वाईट. न उठलं म्हणजे लस मेलेली होती. टोचून न टोचल्यासारखं."

"कमळीला नव्हतं उठलं."

"नव्हतं. देवीने तिला सोडलं वगैरे काही नव्हतं. माझी लस मेलेली होती. मला तेव्हाच ठाऊक होतं, मी बोललो नाही. तुझं काही चुकलं नाही. हसलीस त्याने काही झालं नाही."

"कशानं मेली लस?"

"उन्हाने. मला पोचायला उशीर झाला होता."

"आज तर लवकर आलास."

"तेव्हा सायकल उंच होती. पाय पुरत नव्हते."

भिकीने सायकलकडे बघितलं. आंब्याला टेकवलेली ती काळी सायकल, तीच. ती चाकांपासून हँडलपर्यंत बघत गेली. नवीन काय आहे ते तिला दिसेना.

"हीच होती तवा," ती म्हणाली.

"हीच. सीट खाली घेतली."

"किती दिस लागलं त्याला?"

दशरथने खरं ते सांगितलं. "दिवस नाही लागत. चहा येईपर्यंत होतं."

तुळशी किरकिरली. भिकीने तिचा दंड फोडाला धक्का लागणार नाही असा उचलून खांद्यावर घेतला.

"मग आदी का नाय घेतली?"

"माझ्या मुलाची होती ती. तो गेला. त्याच्या पायाच्या मापाची होती, म्हणून तशीच ठेवली."

भिकीने मान हलवली. समजलं म्हणून, की नको सांगू म्हणून, ते दशरथला उमगलं नाही. ती वळली, झोपडीत गेली, आणि तिने आतून दाराची ताटी ओढून घेतली. थोड्या वेळाने आतून पोरीला थोपटल्याचा आवाज येऊ लागला, मग तोही थांबला.

तुक्या खाकरला. रांगेत अजून वीस माणसं होती. लाडकी पुढे आली, तिने दशरथकडे न बघता बाही वर केली आणि हात समोर धरला. दशरथने वही उघडली आणि तो हात उजेडाकडे वळवून बघितला.